टार्डिग्रेड मेलं म्हणून लगेच फेकून देऊ नका

सुकवून पुन्हा जागं करायला घेतलेलं तुमचं टार्डिग्रेड (मॉसमध्ये म्हणजे शेवाळात राहणारा सूक्ष्म प्राणी) काचपट्टीवर सुकलं आणि पाणी घालूनही हललं नाही, यात नवल नाही. माझीही पहिली कितीतरी अशीच गेली. चूक एकच: घाई.

हा प्राणी जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. पाणी आटू लागलं की आठही पाय आत ओढून पिंपासारखा गोळा होतो. या अवस्थेला टन (tun) म्हणतात. शरीरातलं जवळजवळ सगळं पाणी जातं, चयापचय थांबल्यात जमा होतो, आणि पेशींमधली खास प्रथिनं नाजूक भाग जपतात. पण या तयारीला वेळ लागतो. उघड्या काचेवर थेंब काही मिनिटांत उडतो, बिचारा अर्धवट आकसलेलाच राहतो. म्हणून ओलसर टिपकागदावर, झाकण किलकिलं ठेवलेल्या डबीत, निदान रात्रभर सावकाश सुकू द्या. नंतर पाणी घातलंत की तासभर तरी थांबा. आधी गोळा फुगतो, मग एखादा पाय थरथरतो. मला अजूनही हा क्षण चुकवायला आवडत नाही.

आणि हो, ‘ते कशानेच मरत नाही’ यावर विसंबून उकळतं पाणी ओतू नका. २००७ मध्ये अंतराळाची पोकळी सोसून परतलेली टार्डिग्रेड आधी सुकवलेली होती. हिंडतंफिरतं टार्डिग्रेड उकळत्या पाण्यात सरळ मरतं.

टार्डिग्रेड मिळालं त्याच मॉसमध्ये डोक्यावर चक्रं फिरवणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी दिसले तर तेही सुकवून बघा. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतले रोटिफर सुमारे २४,००० वर्षांनी जागे झाले होते.