काकांचा लाकडी मासा मोजताना

पुणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

काकांच्या पेटीतला लाकडी मासा, म्हणजे खरे मासे गळाला लागावेत म्हणून पाण्यातून ओढायचा नकली मासा, तुझ्याकडे आला. आता तो फ्रेममध्ये लावावा की पाण्यात फेकावा, असं तू विचारलंस. दोन्ही नको. आधी तो मोज, मग त्याच मापाचा दुसरा घडव, आणि फेकायचा तो दुसरा. काका शिकवताना किती कमी बोलायचे ते तुला ठाऊकच आहे. जे बोलायचं राहिलं त्यातलं बरंचसं या साडेसात सेंटिमीटरच्या लाकडात सापडेल, पण नुसतं बघून नाही, करून पाहिल्यावर.

पहिल्या दिवशी कानस-पक्कड बाहेर काढूच नकोस. खिडकीजवळ तिरप्या उजेडात धर आणि भिंगातून पाहा. पोटावर कमानीसारखे ओरखडे दिसतील. ते गळ झुलून पडलेले असतात. पुढच्या गळाची कमान आणि मागच्या गळाची कमान एकमेकींना भिडत नसतील, तर दोन कड्यांमधलं अंतर विचार करून ठेवलेलं आहे. ते अंतर वहीत लिहून घे. रंगावर बारीक, दाट, कानशीने घासल्यासारखी खरखर असेल तर ती बहुधा शिवडा माशाच्या चाव्याची. त्याच्या जबड्यात बारीक दातांचे पट्टेच असतात. सुटी, खोल टोचणी मरळीची. महसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे त्याची खूण लाकडावर कमी आणि लोखंडावर जास्त: गळाचं एखादं टोक चेपलेलं किंवा गळ अडकवायची रिंग लांबट झालेली दिसेल.

नाकावरची तारेची कडी एका बाजूला किंचित झुकलेली दिसली तर सरळ करायला जाऊ नकोस. मासा नाकासमोर पोहावा म्हणून ती मुद्दाम वाकवलेली असते. तेवढा एक कोन सरळ केलास की काकांनी पाण्याकाठी घातलेली सगळी मेहनत गेली.

आता मापं. अप्पा बळवंत चौकातून आलेख कागद आण, मासा त्यावर ठेवून बाजूने, वरून आणि समोरून फोटो काढ. फोन बरोबर वर, सरळ धर, नाहीतर माप खोटं येतं. व्हर्नियरने नाकापासून दर १० मिमीवर उंची आणि जाडी घे. वजन सराफी काट्यावर कर, स्वयंपाकघरातला काटा इथं कामाचा नाही. मग त्याच काट्यावर पाण्याचा पेला ठेव, आकडा शून्य कर आणि मासा दोन सुयांनी पूर्ण बुडव. तो किंवा सुया पेल्याला टेकता कामा नयेत. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. समजा वजन १०.७ ग्रॅम आणि आकारमान १२ आलं, तर त्याच्याकडे १.३ ग्रॅमची तरंगण्याची शिल्लक आहे. तुझ्या नकलेत हीच शिल्लक जुळली पाहिजे. रंग-आकार एकवेळ चुकला तरी चालेल. हे बुडवणं मात्र वरचा लेप कुठं तडकलेला नाही याची खात्री करूनच, आणि दोन मिनिटांत उरकायचं. तडा असेल तर लाकूड पाणी पितं आणि उरलेला रंग पोपडे धरून सुटतो.

लाकूड हलकं हवं. पांगारा उत्तम, सावंतवाडीची खेळणी त्याचीच. काटेसावरही चालेल, फक्त कीड लागलेली नको. सागवान साधारण दुप्पट जड, त्यात तोलासाठी पोटात भरायच्या शिशाला जागाच उरत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एवढासा तुकडा मागितलास तर हसतील. वाळलेली फांदी मिळाली तर तीच घे, पण उभी चिरून दोन-तीन महिने सावलीत सुकू दे. ओलं लाकूड लेपाच्या आत आकसतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात लेपाला तडा जातो. १०×२×२ सेंमीचा तुकडा कापून तोल. ४० घनसेंमीला १३ ग्रॅम भरले तर ठीक.

यापुढे क्रम मोडू नकोस. ठोकळा ८०×२२×१६ मिमीचा, चौकोनी. मध्यरेषा चारही बाजूंनी आखून घे. पुठ्ठ्याचा साचा ठेवून आकार गिरव, पण कोरायला बसू नकोस. लिपची (माशाला पाण्यात खाली नेणाऱ्या, नाकाखालच्या पट्टीची) खाच, पोटातली तारेची फट आणि शिशाचं भोक, तिन्ही कामं ठोकळा चौकोनी असतानाच करायची. अंग गोल झालं की करवत टेकायला काटकोन उरत नाही, खाच एखाद्या अंशाने तिरकी पडते आणि मासा जन्मभर कुशीवर पोहतो. सगळ्यात जास्त लाकूड इथंच वाया जातं. काकांच्या माशात खाच सरळ आहे ना, समोरून बघ. असेल तर समज, हा त्यांचा पहिला मासा नव्हता.

लिपसाठी जुनी सीडी घे. ती १.२ मिमी पॉलिकार्बोनेटची असते. अ‍ॅक्रिलिक दगडावर आपटलं की कडकन तुटतं, हे लवतं. वरची चंदेरी कातडी ओरखडून पॅकिंग टेप चिकटवून खेचली की निघते. डीव्हीडी नको, ती दोन पातळ थर चिकटवून केलेली असते आणि कडेने सुटते. कापण्याआधी गरम पाण्यात धर, नाहीतर कात्रीखाली चिरा जातात. हॅकसॉच्या पात्याची फट या जाडीला जवळजवळ बसते; घट्ट वाटली तर दुमडलेला पॉलिश पेपर दोनदा फिरव. रुंदी १२ मिमी आणि बाहेर १२ मिमी ठेवून पोटाच्या रेषेशी ४५ अंश दिलेस, तर साधारण अर्धा ते एक मीटर खोल जाईल. लिप उभी केलीस तर उथळ आणि जोरात हलेल, आडवी आणि लांब केलीस तर खोल. काकांचा कोन कागदाच्या घडीवर उतरवून घे, डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नकोस.

तार ०.९ मिमी स्टेनलेस, बोहरी आळीत मिळते. बाइंडिंग तार स्वस्त म्हणून घेतलीस तर गंजून फुगेल आणि लाकूड आतून फोडेल. नाकापासून शेपटीपर्यंत तार एकसंध हवी, मध्ये पोटाच्या गळासाठी एक वेटोळं. कड्या अडीच मिमीच्या खिळ्याभोवती वळव. लाकडात पिळून बसवायच्या स्क्रूच्या कड्या मऊ लाकडात धरत नाहीत, मोठा मासा त्या उपसून नेतो.

आता कोर. सगळ्यात जाड भाग नाकापासून एक तृतीयांशावर ठेव आणि तिथून शेपूट निमुळती कर. शेपूट जाड राहिली की मासा हलतच नाही, फळीसारखा ओढला जातो. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने चार-चार हात कानस मार. एक बाजू पुरी करून मग दुसरी, असं केलंस तर ती कधीच सारखी होत नाही.

शिशाचा हिशोब कागदावर मांड. कोरलेलं लाकूड ३.५ ग्रॅम, ६ नंबरचे दोन तिहेरी गळ १.६, तार-लिप-रिंगा १.६, लेप आणि रंग १. बेरीज ७.७. वर धरलेल्या १०.७ मधून ते वजा केलं की शिसं ३ ग्रॅम. ६ मिमी व्यासाचं आणि साडेनऊ मिमी खोल भोक तेवढ्यालाच पुरतं. भोक पोटाच्या कडीच्या किंचित पुढे घे. मागे गेलं तर शेपूट लोंबते आणि हालचाल मरते. वर, पाठीकडे सरकलं तर ओढताना उलटतो. घरात शिसं वितळवू नकोस, धूर विषारी असतो. तयार छर्रे दाबून भर आणि हात साबणाने धू. चिकटवण्याआधी लाकडाला सीलरचे दोन हात दे, तार, लिप आणि छर्रे मेणाने तात्पुरते बसव, सगळे गळ-रिंगा लावून बादलीत सोड. पाठ आडवी आणि जराशी पाण्यावर दिसायला हवी. लेप अजून द्यायचा आहे, म्हणून आत्ता थोडा जास्त वर तरंगला तर बरोबर. जुळलं की मेण काढून तार आणि शिसं एपॉक्सीने कायमचं बसव, फट बुजव आणि पोट घासून सारखं कर.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. पाठ गडद, पोट फिकं, खवल्यांसाठी मच्छरदाणीची जाळी ताणून वरून फवारा. सिगारेटच्या पाकिटातली किंवा चॉकलेटची चांदी कानशीवर दाबून चिकटवलीस तरी खवले उठतात. फिनलंडमधल्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाचा मासा केला तेव्हा त्यांच्याकडेही चॉकलेटची चांदीच होती, आणि लेपासाठी फोटोच्या वितळवलेल्या निगेटिव्ह. ऐन पावसाळ्यात थिनरवाला रंग मारू नकोस, दमटपणाने वर पांढुरकी झाक येते.

एपॉक्सी सावकाश सुकणारा घे. पाच मिनिटांचा हात फिरेपर्यंत घट्ट होतो आणि पुढे पिवळा पडतो. दोन्ही भाग अगदी मोजून, हळू ढवळ; भराभर फेटलंस तर बुडबुडे आलेच. डिसेंबरातल्या सकाळी तो मधासारखा दाट असतो, बाटल्या दहा मिनिटं कोमट पाण्यात उभ्या कर. लेप दिल्यावर पहिला तास-दीड तास दर पाच मिनिटांनी मासा उलटव, नाहीतर सगळं पोटाशी ओघळून गोळा होतं आणि तोल बिघडतो. लिप सर्वांत शेवटी चिकटव. नाकासमोर धरून ती पाठीच्या रेषेला काटकोनात आहे का ते दोनदा पाहा. एपॉक्सी घट्ट होईपर्यंतच तुला दुरुस्तीची संधी आहे.

बादलीत पोहणं कळत नाही, तीन-चार मीटर सरळ ओढ लागते. पानशेत किंवा मुळशीच्या काठावर नितळ, काटक्या नसलेली जागा बघ. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसाला आधी विचार; धरणाचं पाणी बहुधा ठेक्याचं असतं, आणि त्यांच्या जाळ्यात तुझे गळ अडकले तर शिव्या योग्यच. देहूच्या इंद्रायणीकाठी मात्र गळ नेऊ नये, तिथले मासे देवाचे. ओढताना मासा डावीकडे जात असेल तर नाकाची कडी किंचित उजवीकडे वाकव, उजवीकडे जात असेल तर डावीकडे. एका वेळी केसाएवढी. एका दमात वाकवलीस तर उलट्या बाजूला पळेल आणि मग तार सैल होईपर्यंत तुझी ओढाताण चालेल.

याच वेळी मूळ मासाही एकदा ओढून बघ, गळ काढून, जाड दोरीवर, हळू. दोघांची चाल फोनवर टिपून ठेव. नक्कल जास्त थरथरली तर लिप रुंद झाली आहे, कडांवर पॉलिश पेपर फिरव. सुस्त वाटली तर बहुतेक शेपटीकडचं लाकूड किंवा लेप जाड राहिला.

तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, नाकाच्या कडीला कधी घट्ट गाठीने बांधू नकोस, मासा आखडतो. मोकळा फास किंवा छोटा स्नॅप लाव. शिवड्याच्या पाण्यात पुढे हातभर जाड तंगूस हवा. गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने चेपून टाक. महसीर लागला तर पाण्यातच सोडव. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून सोडताहेत, ती खायला नव्हेत. पावसाळ्यात मासे चढणीला लागले की गळ बाजूला.

मूळ मासा सुती फडक्यात ठेव. गळ काढून मशीनच्या तेलाचा हात देऊन वेगळे ठेव. रबरी नकली गांडुळांच्या डब्यात चुकूनही टाकू नकोस, त्या रबरातलं तेल रंग खातं आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात.

ठोकळे तीन काप, एक खाचेत वाया जाईल, एक रंगात. मापं आली की वजन, आकारमान आणि लिपचा कोन एवढे तीन आकडे कळव. शिशाचं भोक त्यानंतरच पाड.

तुझा हितचिंतक