इंग्लंडमध्ये रूम-रूमने घर भाड्याने देताना एचएमओ (हाऊस इन मल्टिपल ऑक्युपेशन, म्हणजे वेगवेगळ्या कुटुंबांतले लोक शेअर करतात ते घर) लायसन्स घेतलं, तर प्लॅनिंग परमिशनही (घराचा वापर बदलायची परवानगी) लागते का?

लागू शकते, आणि इथेच बरेच जण अडकतात. लायसन्स देणारे वेगळे, प्लॅनिंगवाले वेगळे, एकाने हो म्हटलं म्हणजे दुसऱ्याने म्हटलं असं नसतं, काउन्सिल (तिथली नगरपालिका) एकच असली तरी.

लायसन्स हाऊसिंग ॲक्ट २००४ खाली येतं. एका कुटुंबातले नसलेले ५ किंवा जास्त लोक किचन-बाथरूम शेअर करणार असतील तर घ्यावंच लागतं (तीन मजल्यांची जुनी अट ऑक्टोबर २०१८ ला गेली), आणि काही काउन्सिल ३-४ जणांच्या घरालाही लावतात.

प्लॅनिंगमध्ये नेहमीचं घर सी३ या वापर-वर्गात आणि ३ ते ६ जणांचं शेअरिंगचं घर सी४ मध्ये येतं, एरवी सी३ चं सी४ करायला अर्ज करावा लागत नाही, पण काउन्सिलने आर्टिकल ४ (ही सूट काढून घेणारा आदेश) लावलं असेल तर ही सूट जाते आणि रीतसर परवानगी घ्यावी लागते. बर्मिंगहॅममध्ये २०२० पासून अख्ख्या शहरात लागू आहे, शिवाय १०० मीटरच्या आत अशी घरं १० टक्क्यांच्या वर जाणार असतील तर परवानगी मिळणं कठीणच. ६ पेक्षा जास्त जण ठेवायचे असतील तर आर्टिकल ४ नसलं तरी बहुतेक वेळा अर्ज करावाच लागतो.

घर विकत घेताना एजंट 'आधीपासून एचएमओच आहे' म्हणाला तर नुसतं लायसन्स बघून खूश होऊ नका, प्लॅनिंगचा कागद किंवा लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट (हा वापर कायदेशीर आहे असा काउन्सिलचा दाखला) मागा, तेही कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज (खरेदीचा करार पक्का) व्हायच्या आधी.