जुन्या पद्मिनीला ब्रेक ड्रम कुठून आणायचे?

प्रश्न : आमच्याकडे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, आजोबांनी घेतलेली, दर रविवारी बाहेर काढतो. हल्ली ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. मेकॅनिक म्हणतो पुढचे ड्रम आधीच दोनदा लेथवर मारलेत, आता नवीनच टाका. एका दुकानात नवे ड्रम आहेत पण बॉक्सवर कंपनीचं नावच नाही, दुसऱ्याकडे भंगारातल्या गाडीचे ओरिजिनल आहेत. कोणते घेऊ? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मेकॅनिक बरोबर सांगतोय, त्याचं ऐका. पेडल थरथरतं म्हणजे बहुतेक ड्रम (चाकाबरोबर फिरणारं भांडं, ज्याला आतून ब्रेक लागतो) ओव्हल झालाय, आणि लेथवर मारून, म्हणजे आतून खरवडून, तो गोल होतो खरा पण दरवेळी बीड (ओतीव लोखंड) कमी होत जातं, मग पातळ ड्रम लवकर तापतो, तापला की फुगतो, पेडल खाली जातं आणि घाटात नेमकं तेव्हाच ब्रेक कमी लागतो. साधारणपणे मूळ व्यासापेक्षा १ ते १.५ मिमी मोठा झाला की ड्रम संपला असं धरतात, तुमच्या गाडीचा नक्की आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघा.

आता नवा की जुना. मी तरी बिननावाचा नवा ड्रम नुसत्या चकाकीवर घेणार नाही, त्यापेक्षा अंगात बीड शिल्लक असलेला जुना ओरिजिनल केव्हाही चांगला, पण तो मोजून घ्यायचा, दुकानदाराच्या शब्दावर नाही. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) सोबत न्या. आतला व्यास आधी एका दिशेने मोजा मग काटकोनात फिरवून परत मोजा, दोन्हीत फरक आला तर ओव्हल. मग बोटात अडकवून लटकवा आणि छोट्या हातोडीने हलकेच टकटक करा, घंटेसारखा स्वच्छ आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, ठेवून द्या तिथेच. आतून निळसर डाग दिसले तर तो ड्रम कधीतरी भयंकर तापलेला आहे, तिथलं बीड कडक झालेलं असतं आणि लेथवर मारताना टूल तिथे उडतं, असला फुकट दिला तरी नको. नव्या ड्रमलाही हेच सगळं करून बघायचं, शिवाय मधलं भोक तुमच्या हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) न हलता बसतंय का ते बघा, नाहीतर ड्रम कितीही गोल असला तरी फिरताना वाकडाच फिरणार.

आणि घ्यायचे ते जोडीनेच. डाव्या-उजव्या ड्रमच्या व्यासात फरक राहिला की ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

शोधायचं असेल तर मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर पद्मिनीच्या पार्टला मरण नव्हतं, पण २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयाची २० वर्षं भरून बंद झाली, त्यामुळे चांगला जोड दिसला तर आत्ताच घेऊन ठेवा, पुढे अवघड होत जाणार.

काहीच मिळालं नाही तर ओतून घेता येतात, आणि त्यासाठी तुम्हाला लांब जायला नको, कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव भागात बिडाच्या फाउंड्र्या भरपूर आहेत. फक्त जुना ड्रमच पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) म्हणून वापरू देऊ नका. बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणजे २५० मिमीला अडीच मिमी, वर मशिनिंगला माल लागतो तो वेगळाच, म्हणून पॅटर्न मापं घेऊन मोठाच बनवायला हवा. एफजी २०० (बिडाच्या ताकदीचा ग्रेड) किंवा त्यावरचा ग्रेड मागा आणि ग्रेडचा टेस्ट रिपोर्ट लेखी घ्या. एका गाडीसाठी पॅटर्नचा खर्च जड जातो, चार-पाच पद्मिनीवाले एकत्र आलात तर परवडेल.

प्रश्न : जुन्या अ‍ॅम्बेसेडरला नवे ड्रम टाकले, शू जुनेच ठेवले, तर ब्रेक आधीपेक्षाही कमी लागतोय. ड्रम खराब निघाले का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ड्रमला दोष देण्याआधी शू बघा, म्हणजे ड्रमला आतून टेकून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या. जुने लायनर (शूवरचा घासणारा थर) मोठ्या झालेल्या ड्रमच्या गोलाईत घासलेले असतात, नवा ड्रम त्याहून लहान, त्यामुळे फक्त टोकं टेकतात आणि मधे फट राहते. लायनरवर खडू फासा, ड्रमच्या आत शू हाताने फिरवा, खडू कुठे पुसला जातो ते लगेच कळेल. नवे लायनर मारा, मशीनवर ड्रमच्या मापाने ग्राइंड करून घ्या, आणि नव्या ड्रमला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं ते थिनरने पूर्ण पुसलं होतं का तेही विचारा, कारण ते राहिलं असेल तर लायनरने शोषलं असणार. आणि हो, आतली धूळ हवेने उडवू देऊ नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून गेलं तर फुफ्फुसाला घातक) असू शकतं, ओल्या फडक्यानेच पुसायची.