तालमीला तुझी वाट पाहणारं कुणी हवं

पुणे, जुलै

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि फोनवर दोन ओळींत उत्तर द्यावंसं वाटेना, म्हणून हे पत्र. आडनाव मराठी, देवनागरी तू शाळेतच शिकलीस, गणेश चतुर्थीला तुमच्या मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, आणि तरी पुण्यात वर्गातली मुलं तुला ‘ती फॉरेनर’ म्हणतात. “मी माझ्याच माणसांत आले होते ना, मॅडम?” हे तुझं वाक्य माझ्या मनातून जात नाही.

रत्नागिरीकडची माणसं तुमच्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला गेली, ती एकोणिसाव्या शतकात. इथल्या मुलांना हा इतिहास शाळेत कुणी फारसा सांगितलेला नसतो. त्यांच्या कानाला तुझ्या बोलण्यातला क्रिओलचा, म्हणजे तुमच्या बेटावरच्या बोलीचा, हेल तेवढा कळतो. त्यांच्या मनात खोट नाही, पण म्हणून तुला कमी लागतं असंही नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की रक्ताच्या नात्याचा दाखला देत बसू नकोस. पुण्यातली मुलं जवळ येतात ती एकत्र काम करताना, आणि कॉलेजात असं काम क्लबांमध्येच मिळतं.

पाच क्लबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहेस म्हणालीस. त्यातले चार सोड. एकच निवड, आणि निवडताना पोस्टर बघू नकोस, एवढंच विचार: कार्यक्रम नसतानाही ही मुलं आठवड्यातून दोन-तीनदा भेटतात का? भेटत असतील तर तिथे जा. वादविवाद मंडळात पहिल्या वर्षी जाऊ नये असं माझं मत आहे. तिथे सगळ्यांचं लक्ष समोरच्याचा मुद्दा खोडण्याकडे असतं, नवख्या माणसाची विचारपूस करायला कुणाला सवड नसते.

मला विचारशील तर नाटकाचा ग्रुप धर. पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३पासून चालत आलाय आणि या दिवसांत पुण्यातली कॉलेजं त्यानेच झपाटलेली असतात. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आत एकांकिका बसत असते. तुला लगेच भूमिका मिळणार नाही, हे आधीच सांगते. संवादांत तुझा हेल येईल आणि दिग्दर्शक मुलगा कचरेल. तू भूमिका मागूच नकोस, संहिता माग. तालमीत एक जण संहिता हातात धरून बाजूला बसतो, कुणी अडखळलं की पुढचा शब्द देतो, दिग्दर्शकाने जागा बदलली की समासात पेन्सिलने खूण करतो. हे काम कुणालाच नको असतं, कारण त्यात टाळ्या नाहीत. पण पंधरा दिवसांत अख्खी एकांकिका त्याच माणसाला पाठ असते. कोण कुठल्या वाक्याला घाबरतं, कोण कुणावर रुसलंय, सगळं त्याला ठाऊक असतं. आणि तो एक दिवस आला नाही की तालीम अडते. तुला नेमकं हेच हवंय. तू नसलीस की कुणीतरी “ती कुठाय?” म्हणून फोन केला पाहिजे.

मग भरत नाट्य मंदिरात प्रयोगाच्या दिवशी “आव्वाज कुणाचा!” अशी आरोळी उठेल, तेव्हा कॉलेजचं नाव घेऊन ओरडायला तुला कुणी बोलावावं लागणार नाही.

तालीम संपल्यावर सगळे टपरीवर जातात. तिथे जायचंच. असाइनमेंट असली तरी दहा मिनिटं जा. पहिले दोन-तीन आठवडे त्यांचे विनोद डोक्यावरून जातील, कुणी मुद्दाम समजावूनही सांगणार नाही. तरी कटिंग घेऊन उभी राहा. पुण्यात ओळख वाढते ती टपरीवरच.

ट्रेकिंगचा ग्रुपही चांगला. मागे येमेनचा एक मुलगा होता, बोलायला फार बुजरा. त्याने प्रथमोपचाराची पिशवी सांभाळायला घेतली. सिंहगडाच्या वाटेवर कुणाचा पाय मुरगळला की आधी त्याला हाक जायची. वर्षभरात पोरं त्याला विचारल्याशिवाय ट्रेकची तारीख ठरवेनाशी झाली. मुक्कामी ट्रेक असेल तर मात्र संयोजकाला आधी सांग. परदेशी पासपोर्ट असला की लॉजवाल्याला त्याची माहिती सरकारी फॉर्म भरून कळवावी लागते, आणि हे आयत्या वेळी निघालं की सगळ्यांचा खोळंबा होतो.

‘इंटरनॅशनल डे’ला तुला सेगा नाचायला बोलावतील. हौस असेल तर जरूर नाच, सुंदर नाच आहे तो. पण वर्षातून एकदा देशाचा पोशाख घालून स्टेजवर जाण्याने कुणी कॉलेजचं होत नाही. आयोजकांना सांग, की मला त्या दिवसाच्या नियोजनातही घ्या.

आणि तुमच्या मॉरिशसच्या मुलांचा ग्रुप सोडू नकोस. आजारी पडलीस तर डाळपुरी करून आणणारी तीच माणसं आहेत. तुला माहीत आहे का, सिम्बायोसिसची सुरुवातही अशाच एका आजारपणातून झाली. फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक मुलगा काविळीने खोलीत पडून होता आणि एक मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती. तिथले रेक्टर, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनी ते पाहिलं. परक्या देशात या मुलांचं कुणीच नाही, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली आणि १९७१मध्ये त्यांनी संस्था काढली. म्हणजे तुझ्यासारखीचं एकटेपण या शहराने याआधीही पाहिलंय, आणि त्यावर काही केलंयही.

आता अडचण उरते हॉस्टेलच्या वेळेची. तालीम नऊपर्यंत लांबते आणि गेट आधी बंद होतं, म्हणून मुली ग्रुप सोडतात. तू सोडू नकोस. नाट्यमंडळाच्या प्रभारी प्राध्यापकांच्या सहीचं पत्र रेक्टरबाईंना दिलं की उशिराची परवानगी मिळते, सोबत तालमीच्या तारखा जोडाव्या लागतात. पत्राचा मसुदा मी करून ठेवते. गुरुवारी चारनंतर स्टाफरूममध्ये ये, आणि येताना सेक्रेटरीकडून तारखा लिहून आण.

तुझ्या,
मॅडम