पॅप स्मिअरमधल्या (गर्भाशयमुखावरून खरवडून काचेवर पसरलेल्या) पेशींची मापं घेऊन गर्भाशयमुखाचा कर्करोग ओळखता येतो का?

मापांची मदत होते, पण निव्वळ मापांवर निदान होत नाही. ते कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी) करून घेतलेल्या बायोप्सीवरच, म्हणजे ऊतीचा तुकडा तपासूनच, ठरतं. स्मिअरचा अहवाल लिहिण्याच्या बेथेस्डा पद्धतीत निरोगी इंटरमीडिएट (मधल्या थरातल्या) पेशीचं केंद्रक (साधारण 35 चौरस मायक्रॉन) हीच फूटपट्टी. क्षेत्रफळ अडीच ते तीनपट भरलं तर ‘एएससी-यूएस’ (अर्थ नक्की न लागणारा बदल) असा शेरा, त्याहून मोठं असेल तर एलएसआयएल, म्हणजे सौम्य बदल. तीव्र बदलात मात्र उलटंच: पेशीच लहान होते, त्यामुळे नुसतं केंद्रक मोजणारा फसतो. तिथे केंद्रकाने पेशीची किती जागा व्यापली ते बघायचं, शिवाय त्याची वेडीवाकडी कड आणि गडद रंग. आणि काच अल्कोहोलमध्ये बुडवायला उशीर होऊन स्मिअर हवेत वाळला, तर चांगली केंद्रकंही फुगलेली दिसतात.