पशुवैद्यकाला विचारा : घोडी लंगडते, दोष खांद्यात की खुरात?

प्रश्न : माझ्याकडे लग्नाच्या वरातीसाठी पाळलेली नऊ वर्षांची घोडी आहे. आठ दिवसांपासून ती पुढच्या डाव्या पायाने लंगडते. पायावर जखम किंवा सूज नाही. मात्र सप्टेंबरच्या पावसात तिच्या खुरांना घाण वास येत होता. जाणती मंडळी म्हणतात की खांदा उतरला आहे, डाग द्यावा. चार दिवसांवर वरात आहे. वेदनाशामक इंजेक्शन देऊन तेवढी पार पाडता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वरात दुसऱ्या घोडीवर सोपवा, ही माझी पहिली विनंती आहे. इंजेक्शनाने वेदना दबते, आजार तसाच राहतो. वेदना न जाणवल्यामुळे घोडी दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकते आणि चार दिवसांत बरे होऊ शकणारे दुखणे कायमचे होऊन बसते. डागही देऊ नये. त्याने जनावराला फक्त आणखी एक जखम होते.

पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्यांमध्ये दोष बहुतेक वेळा खुरातच सापडतो, खांद्यात क्वचित. घोडीला कठीण, सपाट रस्त्यावर दोर सैल धरून चालवून पाहा. दुखरा पाय टेकताना ती मान वर उचलते आणि चांगला पाय टेकताना खाली करते. पाय नक्की झाला की खूर उचलून तळवा आकडीने स्वच्छ करा, दोन्ही खुरांवर हात ठेवून कोणते अधिक गरम आहे ते पाहा आणि घोट्याच्या मागे दोन्ही कडांना बोटे टेकवून नाडी तपासा. निरोगी पायात ही नाडी जेमतेम लागते. खुरात दाह असेल तर ती ठणठण उडताना जाणवते.

एका घोडीचा खांदा तीन आठवडे तेलाने चोळला जात होता. नाल काढून तळवा खरवडल्यावर खिळ्याच्या जुन्या भोकाशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसला; तेथे पात्याचे टोक लावताच करडा, पाणचट, दुर्गंधीयुक्त पू बाहेर आला आणि थोड्याच वेळात तिने तो पाय जमिनीवर टेकवला. आपल्या घोडीच्या बाबतीतही मला आधी अशाच गळवाची शंका येते. त्याला वाट करून देण्याचे काम पशुवैद्यकाचेच आहे, कारण पाते खोल गेल्यास आतल्या हाडाला इजा होते. त्यानंतर एप्सम मीठ घातलेल्या कोमट पाण्यात खूर रोज बुडवून ठेवावे आणि स्वच्छ पट्टी बांधावी. धनुर्वाताची लस झाली आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याचे जंतू माती आणि लिदीत असतात आणि घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

पावसातला वास हे तळव्याच्या मधल्या त्रिकोणी, मऊ भागाच्या कुजण्याचे लक्षण आहे. ओल्या लिदीत उभे राहिल्याने, विशेषतः त्या भागालगतच्या खाचांत, हवेशिवाय वाढणारे जंतू माजतात आणि काळपट स्राव येतो. कुजलेला भाग कापून घेऊन डॉक्टरांनी सुचवलेले आयोडीनचे द्रावण लावल्यास तो भरून येतो, पण तबेल्याची जमीन कोरडी केली नाही तर औषध वाया जाते. गाडीचे जळके तेल ओतण्याची आपल्याकडची सवय कृपया सोडावी.

आणखी एका आजाराबद्दल वरातीच्या घोड्यांच्या मालकांना मला कळकळीने सांगायचे आहे. वऱ्हाडी प्रेमाने गूळ, पेढे, भिजवलेले हरभरे चारतात. असे पिष्टमय आणि गोड खाणे एकाच वेळी पुष्कळ पोटात गेले की ते मोठ्या आतड्यात आंबते आणि खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी जोडून ठेवणाऱ्या पापुद्र्यांचा दाह होतो. घोडा पुढचे दोन्ही पाय समोर ताणून, भार मागच्या पायांवर घेऊन उभा राहतो आणि वळायला नाखूश असतो. पापुद्रे सुटले तर हाड फिरून तळव्यावर दाबते. म्हणून हे लक्षण दिसताच दाणा बंद करावा, घोड्याला अजिबात चालवू नये, पायांखाली मऊ वाळू घालावी, खुरांना सतत बर्फाचा गारवा द्यावा आणि रात्र असली तरी डॉक्टरांना बोलवावे.

प्रश्न : नाल झिजेपर्यंत ठेवली तर चालते का?
– एक टांगाचालक, सोलापूर

उत्तर : चालत नाही. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. त्यामुळे नाल शाबूत असली तरी 6 ते 8 आठवड्यांनी ती काढून, खूर छाटून पुन्हा बसवावी. खिळा तळव्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेबाहेरच जायला हवा. ठोकताना घोड्याने पाय हिसकला तर नालबंदाला तो खिळा लगेच काढायला सांगा. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर दुडकी चाल शक्य तेवढी टाळा. अकलूजच्या बाजारात घोडा घेताना खुरावरची वलये पाहण्यासाठी दोन मिनिटे काढा. ती टाचेकडे रुंद होत गेलेली असतील तर पापुद्र्यांचा दाह त्याला पूर्वी होऊन गेला असण्याची दाट शक्यता असते.