कुमसार (फादरांपुढे पापाची कबुली) केलं तरी अपराधी वाटतं, काय करू?

मोह होणं म्हणजे पाप नव्हे. येशूलाही रानात 40 दिवस मोह झालाच होता. आपण त्याला हो म्हणतो तिथे पाप होतं.

तुम्ही लिहिलंय, बर्फातले कालचे बांगडे आजचे म्हणून खपवले, फादरांना सांगितलं, तरी टोचतंय. क्षमा मिळाली तेव्हाच पाप गेलं. पण ते बांगडे घेतलेल्या बाईचे पैसे अजून तुमच्याकडेच आहेत ना? झालेलं नुकसान जमेल तेवढं भरून द्यावं, ही चर्चची शिकवणच आहे. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट परत करायची तयारी दाखवली. तुम्ही त्या बाईच्या पिशवीत पुढच्या वेळी चार ताजे बांगडे जास्तीचे टाका. (आमच्या वेंगुर्ल्यात ती लगेच कारण विचारेल. विचारलं तर सांगून टाका.)

त्याच पापासाठी पुन्हा पुन्हा कुमसाराला जायची गरज नाही. येशूला पकडून देणारा त्याचा शिष्य यहूदाही पस्तावला होता, पण एकटाच कुढत राहिला आणि जीव देऊन बसला. दुसरा शिष्य पेत्र, त्याने येशूला ओळखतो हेच तीनदा नाकारलं, तरी येशू किनाऱ्यावर दिसताच त्याने होडीतून पाण्यात उडी टाकली. तिथे निखाऱ्यांवर मासे भाजत ठेवले होते. आधी न्याहारी झाली, मग येशूचा पेत्राला तीनदा एकच प्रश्न: माझ्यावर प्रेम आहे का?